हृदयाच्या एमआरआयच्या भौतिकशास्त्रात संशोधनाची जागा: घ्यावी का, आणि मुलाखतीत काय विचारावं?

आर्द्रा (धागाकर्ती)

नमस्कार. माझी पीएच.डी. पॉलिमरच्या एनएमआरवर (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुनादावर; एमआरआयही त्याच तत्त्वावर चालतो) झाली. पाच वर्षं काचेच्या नळीतल्या नमुन्याचे टी१ आणि टी२ मोजले (रेडिओ लहरीचा धक्का दिल्यावर चुंबकन सावरायला लागणारा वेळ टी१, सिग्नल विरायला लागणारा टी२). आता एका विद्यापीठात हृदयाच्या एमआरआयच्या भौतिकशास्त्रात तीन वर्षांची संशोधकाची जागा निघाली आहे. अर्ज केला, पहिल्या चाळणीतून पुढे गेले, मुलाखत पंधरा दिवसांवर आहे.

जाहिरातीत तीन कामं दिली आहेत: हृदयस्नायूचे टी१ आणि टी२ मोजणारे नवे पल्स सिक्वेन्स (यंत्राने रेडिओ लहरी केव्हा, कशा द्यायच्या आणि सिग्नल केव्हा वाचायचा याचा क्रम) लिहिणं, रुग्णाला श्वास रोखायला न लावता तेच मोजता येईल अशी पद्धत काढणं, आणि रुग्णालयातल्या गटाबरोबर ती पडताळणं. सी++ आणि पायथन यायला हवं, ते येतं. 'माणसांवर स्कॅन करण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य' असंही आहे. तो मला अजिबात नाही.

मन ओढ घेतंय, पण धास्तीही आहे. माझा नमुना पाच वर्षांत कधी जागचा हलला नाही. हृदयाबद्दल शाळेत शिकले तेवढंच आठवतं. या क्षेत्रात काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगाल का, की रोजचं काम नक्की कसं असतं, माझ्या शिक्षणाचा तिथे किती उपयोग होईल, आणि जागा स्वीकारण्याआधी कोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात?

---

ध्रुवपद

चौदा वर्षं याच विषयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नमुना हलत नव्हता हे तुम्ही लिहिलंत, त्यातच सगळं काम आलं. एमआरआय हे मुळात संथ यंत्र आहे आणि हृदय क्षणभर थांबत नाही. हिशोब करून बघा. एका चित्रासाठी के-स्पेसच्या (ज्या कच्च्या डेटातून चित्र तयार होतं त्याच्या) समजा १५० रेषा हव्यात आणि एका रेषेला ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ४५० मिलिसेकंद झाले. ठोका असतो ८०० ते १००० मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात हृदय आवळून पुन्हा सैलावायला लागलेलं असतं, त्यामुळे सलग घेतलेलं चित्र धूसर होतं. म्हणून ईसीजीच्या आर लहरीवरून (ठोक्याच्या सुरुवातीच्या उंच टोकावरून) वेळ धरायची, प्रत्येक ठोक्यात ठरावीक अवस्थेच्या १५ रेषाच घ्यायच्या, म्हणजे ४५ मिलिसेकंदांची खिडकी मिळते, आणि असे १० ठोके जोडून एक चित्र करायचं. एवढा वेळ रुग्णाने श्वास रोखून धरायचा.

यात दोन गृहीतकं दडलेली आहेत. दहाही ठोके सारखे आहेत हे एक, आणि श्वास खरंच थांबला आहे हे दुसरं. ठोके अनियमित असलेल्या, धाप लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही कोसळतात, आणि तपासणीची खरी गरज त्यालाच असते. गेल्या पंचवीस वर्षांतलं या विषयातलं बरंचसं काम या कोंडीतून सुटण्याचं आहे. १९९९ साली सेन्स आणि २००२ साली ग्राप्पा या पद्धती आल्या. अनेक कॉइलना (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनांना) तीच जागा वेगवेगळ्या संवेदनशीलतेने 'दिसते', याचा उपयोग करून कमी रेषांत चित्र पुरं करता येऊ लागलं. २००७ साली एमआरआयमध्ये कॉम्प्रेस्ड सेन्सिंग (मोजक्या डेटातून गणिताने पूर्ण चित्र काढणं) आलं. तुमच्या जाहिरातीतलं 'श्वास न रोखता' हे याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

आता तुमचं शिक्षण. ब्लॉखची समीकरणं (चुंबकन काळानुसार कसं बदलतं ते सांगणारी), रिलॅक्सेशन, इको कसे तयार होतात, हे ज्याने हाताने केलंय अशी माणसं आमच्याकडे कमी येतात. बहुतेक जण चित्रांकडून भौतिकशास्त्राकडे वळतात. तुम्ही उलट दिशेने येताय, ते मला जास्त भक्कम वाटतं. हृदयाची रचना सहा महिन्यांत शिकता येते.

---

कृत्तिका

मी रेडिओग्राफर आहे, हृदयाचे स्कॅन रोज करते. ध्रुवपद यांनी 'आर लहरीवरून वेळ धरायची' असं एका वाक्यात लिहिलं. आमची अर्धी सकाळ त्या एका वाक्यात जाते.

रक्त विद्युतवाहक आहे. चुंबकाच्या आत ते वाहायला लागलं की त्यातून व्होल्टेज तयार होतं आणि ईसीजीत मिसळतं. महाधमनीतून रक्त जोरात जातं तो काळ नेमका टी लहरीच्या (आर लहरीनंतर येणाऱ्या लहरीच्या) आसपासचा, त्यामुळे टी लहर फुगते आणि कधी कधी आर लहरीएवढी उंच होते. यंत्र चुकीच्या लहरीवर सुरू होतं आणि सगळी मालिका वाया जाते. १.५ टेस्लापेक्षा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ३ टेस्लावर हा त्रास जास्त. इलेक्ट्रोड काढून, त्वचा नीट पुसून, जागा बदलून पुन्हा लावायचे, हाच पहिला उपाय.

श्वासाचंही तसंच. आम्ही बहुतेक वेळा 'श्वास सोडा आणि थांबा' असं सांगतो, कारण श्वास सोडल्यावर डायफ्राम दर वेळी जवळजवळ त्याच जागी येतो. भरून घेतलेला श्वास दर वेळी वेगळा असतो. पण सोडलेल्या श्वासावर थांबणं आजारी माणसाला फार जड जातं. पाचव्या-सहाव्या वेळेला चेहऱ्यावर थकवा दिसतो. संशोधकांनी लिहिलेला सिक्वेन्स घेऊन जेव्हा कुणी येतं, तेव्हा मी आधी विचारते की किती ठोके थांबवायचंय.

आर्द्रा, जागा मिळाली तर पहिले काही आठवडे कन्सोलजवळ आमच्या शेजारी बसून काढा, एवढं मनापासून सांगते.

---

रानजाई

वाचनखूण साठवली आहे. छान माहिती मिळतेय.

---

सांजवेळ

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. टी१ मोजण्याचा आग्रह आम्ही का धरतो, ते सांगतो.

गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट द्रव्य) दिल्यावर दहा ते वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात व्रण (स्नायूचा तंतुमय झालेला भाग) उजळ दिसतो. पण ते चित्र 'निरोगी स्नायू काळा करा' या तत्त्वावर चालतं. निरोगी आणि आजारी यांच्यात फरक असेल तरच व्रण उठून दिसतो. तंतुमयता संपूर्ण स्नायूत सारखी पसरली असेल, तर तुलनेला निरोगी तुकडाच उरत नाही आणि चित्र फसवं 'नॉर्मल' दिसतं. अशा वेळी आकडा हवा. अमायलॉइड (एक असामान्य प्रथिन) साठल्यावर टी१ वाढतो, लोह साठल्यावर किंवा फॅब्री रोगात (पेशींत मेद साठणाऱ्या आनुवंशिक आजारात) तो कमी होतो. गॅडोलिनियमच्या आधी आणि नंतरचा टी१ आणि रक्तातलं हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) एकत्र केलं, तर स्नायूत पेशींबाहेरची जागा किती टक्के आहे तेही कळतं. निरोगी माणसात ती साधारण पाव हिस्सा असते.

मात्र माझी एक कायमची तक्रार आहे. अहवालात 'टी१ १०४० मिलिसेकंद' असं येतं. तो कशाच्या तुलनेत वाचायचा? दुसऱ्या केंद्रातून आलेल्या रुग्णाचा आकडा मी आमच्या आकड्याशेजारी ठेवू शकत नाही. हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनी सोडवावा अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे.

---

आर्द्रा

सर्वांचे मनापासून आभार. सांजवेळ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर अडकले. आमच्याकडे टी१ हा नमुन्याचा गुणधर्म असतो. तापमान आणि क्षेत्र तेच असेल तर कोणत्याही यंत्रावर तोच यायला हवा. इथे तो केंद्रागणिक का बदलतो?

---

ध्रुवपद

हा प्रश्न मुलाखतीत तुम्ही स्वतःहून काढलात तरी चालेल.

क्षेत्राचा फरक तर आहेच. निरोगी स्नायूचा टी१ १.५ टेस्लाला साधारण १००० आणि ३ टेस्लाला साधारण १२०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण एकाच क्षेत्रावरही आकडे जुळत नाहीत, कारण आपण मोजतो तो निखळ टी१ नसतो.

सगळ्यात रुळलेली पद्धत मॉली, २००४ सालची. इन्व्हर्जन पल्स (चुंबकन उलटं करणारी) द्यायची, मग सलग ठोक्यांना एकेक चित्र घ्यायचं, मधे तीन ठोके चुंबकन सावरायला सोडायचे. मूळ रचनेत १७ ठोक्यांत ११ चित्रं. तुमच्या नळीत तुम्ही इन्व्हर्जननंतर निवांत थांबून एकदाच वाचत असाल. इथे प्रत्येक वाचनच सावरणाऱ्या चुंबकनाला धक्का देतं. त्यासाठी लुक-लॉकर दुरुस्ती वापरतात, पण ती मुळात सलग चालणाऱ्या ग्रेडियंट-इको वाचनासाठी मांडलेली आहे. मॉलीत वाचन बॅलन्स्ड एसएसएफपी या दुसऱ्या वेगवान पद्धतीने होतं आणि मधे खंड असतो. परिणामी उत्तरात टी२ शिरतो, मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर (मोकळं पाणी आणि मोठे रेणू यांच्यातली चुंबकनाची देवाणघेवाण) शिरतो, इन्व्हर्जन पल्स किती पुरी झाली तेही शिरतं. टी१ खऱ्यापेक्षा कमी येतो. हृदयगती वाढली तर तीन ठोक्यांची विश्रांती अपुरी पडते आणि लांब टी१ आणखी कमी दिसतो.

म्हणून दुसऱ्या बाजूने साशासारख्या पद्धती आल्या. त्यात प्रत्येक ठोक्याला सॅच्युरेशन पल्स देऊन मागची आठवण पुसून टाकतात. उत्तर सत्याच्या जवळ येतं, पण सिग्नलचा पल्ला निम्मा होतो, त्यामुळे आकडा जास्त डुगडुगतो. डॉक्टरांना एकाच रुग्णाचा बदल टिपायचा असेल तर न डुगडुगणारा आकडा हवा. दोन केंद्रं जोडायची असतील तर खरा आकडा हवा. अजून एकाही पद्धतीने दोन्ही पूर्णपणे दिलेलं नाही. म्हणूनच प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रावर, आपल्या सिक्वेन्सने निरोगी लोकांची स्वतःची मर्यादा ठरवावी असा संकेत आहे. सांजवेळ यांची तक्रार रास्त आहे, आणि तुमच्या तीन वर्षांसाठी तोच प्रश्न पुरेसा आहे.

---

उत्तरायण

सगळे उत्साहाने लिहितायत, म्हणून दुसरी बाजू. मी अशाच एका जागेवर अडीच वर्षं होतो आणि नंतर क्षेत्र सोडलं. विषयावर आजही तितकंच प्रेम आहे.

मला सिक्वेन्स लिहायला घेतलं होतं. पण स्कॅनरवर स्वतःचा सिक्वेन्स चालवायचा तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी विद्यापीठाचा संशोधन करार लागतो. त्यानंतरच आतली प्रणाली आणि मूळ कोड उघडतो. माझ्या वेळी तो करार 'सहीच्या टप्प्यात' होता. तो अठरा महिने त्याच टप्प्यात राहिला. तोवर मी फक्त सिम्युलेशन करत बसलो. करार झाला तेव्हा कळलं की संशोधनासाठी स्कॅनर आठवड्यातून एकदा, तेही रुग्णांची यादी लवकर संपली तर संध्याकाळी. शेवटी माझ्याकडे सहा स्वयंसेवकांचा डेटा होता आणि मुदत संपली होती.

त्यामुळे सरळ विचारा. करार आज अस्तित्वात आहे का, आणि माझ्या रुजू होण्याच्या तारखेला माझं नाव त्यात असेल का? आठवड्याला किती तास, आणि ते वेळापत्रकात राखून ठेवलेले आहेत की उरलेसुरले? नैतिक समितीची परवानगी स्वयंसेवकांसाठी आहे की रुग्णांसाठीही? गेल्या दोन वर्षांत या गटातून कुणी मुदतीआधी गेलं का, आणि का? शक्य झालं तर सध्या तिथे काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाशी एकटीने बोला. हे विचारल्याबद्दल कुणी नाराज झालं, तर तेही उत्तरच समजा.

---

पाणवठा

उत्तरायण, वाचून वाईट वाटलं. आता थोडं बदललंय. मी रिकन्स्ट्रक्शनचं (कच्च्या डेटातून चित्र तयार करण्याचं) सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. पल्सेकमध्ये सिक्वेन्स कंपनीच्या प्रणालीबाहेर, खुल्या स्वरूपात लिहिता येतो आणि ज्या स्कॅनरवर त्याचा दुभाष्या बसवलेला आहे तिथे चालवता येतो. कच्च्या डेटावर काम करायला गॅजेट्रॉन आणि बार्ट ही खुली साधनं आहेत. करार लागतोच, पण हात बांधून बसावं लागत नाही.

आर्द्रा, मुलाखतीच्या आधी एक काम करा. बॅलन्स्ड एसएसएफपीचं साधं ब्लॉख सिम्युलेशन स्वतः लिहा. टीआर (दोन पल्समधला वेळ) ३ मिलिसेकंद ठेवा आणि ऑफ-रेझोनन्स (यंत्राच्या वारंवारतेपासूनचा फरक) शून्यापासून वाढवत न्या. साधारण १६७ हर्ट्झला सिग्नल कोसळलेला दिसेल. चित्रात जे काळे पट्टे येतात ते हेच. पुढचा पट्टा ३३३ हर्ट्झ पलीकडे, म्हणजे एक भागिले टीआर. मग विचार करा की हृदयाच्या शेजारी हवेने भरलेलं फुप्फुस आहे, आणि क्षेत्र १.५ वरून ३ टेस्ला केलं की त्या सीमेवरचं ऑफ-रेझोनन्सही दुप्पट होतं. ३ टेस्लावर सिग्नल जास्त असूनही हृदयासाठी अनेक जण १.५ का पसंत करतात, ते एका संध्याकाळी कळेल. शिवाय फ्लिप अँगल (पल्स चुंबकन जितकं वळवते तो कोन) तोच ठेवला तर शरीरात जिरणारी रेडिओ ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. त्यामुळे अँगल कमी करावा लागतो किंवा टीआर लांबवावा लागतो, आणि टीआर लांबला की पट्टे आणखी जवळ येतात.

न्यूरल नेटवर्कने चित्र पुरं करण्याबद्दल विचारतीलच. माझं मत स्पष्ट आहे. वेग मिळतो, तो खरा आहे. पण पूर्ण आणि आधीच प्रक्रिया झालेल्या चित्रांतून रेषा 'वगळून' त्यावरच चाचणी घेतली, तर निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. खरोखर कमी रेषा घेतलेल्या, खऱ्या रुग्णांच्या कच्च्या डेटावर काय होतं ते बघायला हवं. लहानसा व्रण गुळगुळीत होऊन गेला, तर चित्र देखणं असूनही निरुपयोगी आहे.

---

केशरवेल

मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे. लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातलं लोह हृदयात साठतं. त्याची सोनोग्राफी नेहमी चांगली यायची. एकदा डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला आणि टी२* नावाचा आकडा ९ आला. २० च्या वर हवा असं सांगितलं. औषधं वाढवली. आकडा वर यायला चार वर्षं लागली. मागच्या वेळी २१ होता. हा आकडा कसा मोजतात ते मला आजही कळत नाही, पण आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही लोक जे करता त्याबद्दल आभार मानायचे होते.

---

ध्रुवपद

केशरवेल, भावाचा आकडा वाचून फार बरं वाटलं.

कसा मोजतात ते सांगतो. साठलेलं लोह आपल्या भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बारीक प्रमाणात बिघडवतं. त्यामुळे शेजारच्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांची लय एकमेकांपासून लवकर सुटते आणि सिग्नल झपाट्याने विरतो. एकाच श्वासात, एकाच जागेची, वाढत्या इको वेळांची सात-आठ चित्रं घेतात आणि सिग्नल किती लवकर विरतो ते बघतात. दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर मोजतात, कारण तो भाग फुप्फुसापासून दूर असतो आणि हवेमुळे होणारा बिघाड तिथे कमी असतो. १.५ टेस्लाला २० मिलिसेकंदांच्या खाली आकडा गेला तर लोह साठतंय, १० च्या खाली गेला तर हृदय कमकुवत होण्याचा धोका मोठा. २००१ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटनमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांचे लोहामुळे होणारे मृत्यू ठळकपणे घटले, त्यात या तपासणीचा आणि त्यानुसार बदललेल्या औषधांचा वाटा मानला जातो.

आर्द्रा, यातलं भौतिकशास्त्र तुम्हाला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापासून येतं.

---

आर्द्रा

मुलाखत झाली. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवणं माझं कर्तव्य आहे.

रेषांचा हिशोब विचारलाच. ठोका ८०० मिलिसेकंदांचा, १४४ रेषा, टीआर ३ मिलिसेकंद, वेगवाढ दुप्पट, खिडकी ३६ मिलिसेकंदांची. किती ठोके श्वास रोखावा लागेल? वेगवाढीमुळे ७२ रेषा, एका ठोक्यात १२, म्हणून सहा ठोके, म्हणजे पाच सेकंदांच्या आत. मग लगेच विचारलं की रुग्णाला तेवढंही जमत नसेल तर? मी नॅव्हिगेटरबद्दल बोलले: यकृत आणि फुप्फुसाच्या सीमेवर एक पट्टी सतत मोजायची, डायफ्राम ठरलेल्या काही मिलिमीटरांच्या पट्ट्यात असेल तेव्हाचाच डेटा ठेवायचा. त्यांनी तोटा विचारला. अर्ध्याहून जास्त डेटा टाकून द्यावा लागू शकतो, आणि हृदय डायफ्रामइतकं हलत नाही, साधारण ०.६ पट हलतं, तेही माणसागणिक वेगळं, असं सांगितलं. पुढचा प्रश्न आवडला: 'फँटमवर (चाचणीच्या कृत्रिम नमुन्यावर) टी१ बरोबर येतोय, माणसात चुकतोय, कुठे बघाल?' मी हृदयगती, हालचाल आणि मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर ही तीन नावं घेतली. जेलच्या फँटममध्ये स्नायूइतकी मोठ्या रेणूंना बांधलेल्या पाण्याची साठवण नसते, हे बोलताना पॉलिमरची पाच वर्षं कामी आली.

उत्तरायण, तुमचे चारही प्रश्न जसेच्या तसे विचारले. करार झालेला आहे. आठवड्याला दोन अर्धे दिवस राखीव. स्वयंसेवकांची परवानगी आहे, रुग्णांची अर्जाच्या टप्प्यात आहे. चौथ्या प्रश्नावर गटप्रमुख थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या की एक जण गेला, त्याला स्कॅनर पुरेसा मिळाला नव्हता, म्हणून ते दोन अर्धे दिवस राखून घेतले. मला ते उत्तर पटलं.

---

उत्तरायण

असं उत्तर देणारी माणसं असतील तर जा. रुग्णांच्या परवानगीचा अर्ज कोण लिहितंय एवढं विचारून घ्या, आणि शक्य असेल तर पहिल्याच महिन्यात त्यात हात घाला.

---

आर्द्रा

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. रुजू होऊन सहा आठवडे झाले. रुग्णांच्या परवानगीचा अर्ज मीच लिहितेय.

कृत्तिका यांनी सांगितल्याप्रमाणे पहिले तीन आठवडे कन्सोलजवळ बसले. चौथ्या आठवड्यात स्वयंसेवक म्हणून स्वतः आत झोपले. जुनी १७ ठोक्यांची मॉली लावली होती. माझी नाडी ६२, म्हणजे जवळपास सोळा सेकंद. कागदावर हा आकडा मी कितीदा लिहिलाय. श्वास सोडून थांबले, आणि तेराव्या ठोक्याच्या आसपास तो सुटला. बाहेर येऊन टी१चा नकाशा बघितला. स्नायूच्या खालच्या भिंतीवर एक निळसर पट्टा होता. शेवटची चार चित्रं खाली सरकलेली, त्यामुळे तिथे स्नायूच्या जागी शेजारचं काहीतरी मोजलं गेलं होतं. मी निरोगी आहे, मला सोळा सेकंद जमले नाहीत.

नंतर चलचित्रात माझं स्वतःचं हृदय आवळताना आणि सैलावताना बघितलं. बराच वेळ बोलता आलं नाही.

आता आठ चित्रांची, अकरा ठोक्यांची रचना घेऊन त्यात श्वास मोकळा ठेवायचा प्रयत्न करतेय. सिम्युलेशनमध्ये टी१ साधारण ३० मिलिसेकंद कमी येतोय आणि तो श्वासाच्या लयीबरोबर हलतोय. ध्रुवपद, याचं कारण स्लाइसमधून (ज्या पातळ कापाचं चित्र घेतो त्यातून) आत-बाहेर होणारी हालचाल असेल का?

---

ध्रुवपद

बहुधा तेच. श्वासाबरोबर स्लाइसमध्ये नवा स्नायू येतो, त्याने आधीचे वाचनाचे धक्के खाल्लेले नसतात. इन्व्हर्जन पूर्ण छातीवर आहे, पण वाचन फक्त स्लाइसवर. हालचाल शून्य करून सिम्युलेशन चालवा, मग फक्त स्लाइसच्या प्रतलातली हालचाल द्या, मग फक्त लंब दिशेची. तिन्ही आकडे इथे टाका.

---

कृत्तिका

आणि स्वयंसेवकांना आत पाठवण्याआधी बाहेर दोनदा श्वासाचा सराव करून घ्या. तुमच्या वेळी कुणी घेतला होता का?